हौसेचं शेपूट

शेपूट लावलेली गाडी रस्त्यात दिसली की मला दळवीकाका आठवतात, आणि दळवीकाका आठवले की दमल्यासारखं होतं. आता गाड्यांना ते कारखान्यातूनच लागून येतं. छताच्या मागच्या कडेला बाहेर आलेली ती पट्टी, पोरं तिला स्पॉयलर म्हणतात. नव्वदच्या दशकात नवीन पनवेलला ते एखाद्याच गाडीवर दिसायचं, तेही कुणा रंगेल माणसाने मागाहून बसवून घेतलेलं. आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र ते ज्या गाडीवर बसलं तिच्या मालकाला हौस कशाशी खातात हे माहीत नव्हतं.

दळवीकाका तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्यांनी बनवायच्या वस्तूंची चित्रं काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शर्टाच्या खिशात पेन्सिल, खोडरबराचा तुकडा आणि छोटी पट्टी कायम, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. बोलता बोलता करंगळीने समोरच्या टेबलावरून काहीतरी झटकायचे. तिथे काही नसायचं, खोडरबराचा भुगा झटकायची सवय हाताला लागली होती इतकंच. आणि कुठलंही काम निघालं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "आधी कागदावर येऊ दे."

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते हेच वाक्य घेऊन. आम्ही तळमजल्यावर नुकतेच राहायला आलो होतो आणि आमचे हे स्वयंपाकघरात डब्यांसाठी फळी ठोकत होते. दुसऱ्या मजल्यावरून दळवीकाका उतरून आले. मला वाटलं, आवाजाची तक्रार असणार. तर म्हणाले, "फळी का? बाईंचा हात कुठपर्यंत पोचतो?" मी शाळेत शिकवते हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, तेव्हापासून मी त्यांची 'बाई'च झाले. त्यांनी माझा हात वर करायला लावला, भिंतीवर पेन्सिलीची बारीक खूण केली आणि वर निघून गेले. आठवड्याने कागद घेऊन आले. फळी समोरून, बाजूने, वरून. डब्यांसकट. तोपर्यंत फळी ठोकून झाली होती आणि एकदा पडूनही झाली होती. काकांनी फळीकडे एकदा बघितलं. कागदाची नीट घडी घातली, डाळीच्या डब्याखाली सारली आणि म्हणाले, "असू दे. पुढच्या वेळी लागेल."

दुसऱ्याची फळी कागदावर आणणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात धड हातोडीही नव्हती. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ फ्रिजवर ठेवलेलं असायचं. खिळा कुठे ठोकायचा ते ठरत नव्हतं. खिडकीतून ऊन येतं, काचेवर तिरीप पडते, मग दिवाणावरून वेळ दिसत नाही, अशा सगळ्या अडचणी कागदावर आलेल्या होत्या. "आमचं घड्याळ अजून कागदावरच चालतंय," असं त्यांच्या पत्नी, शालूताई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. सांगताना अशा हसायच्या की काकाही हसायचे. ते हसलेले मी एरवी फारसे पाहिले नाहीत.

शालूताईंच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी मुंबईच्या हॉस्पिटलात डायलिसिस असायचं. ताई त्याला 'धुणं' म्हणायच्या. "नीला, उद्या माझं धुणं आहे गं, दुपारी पाणी आलं तर आमची बादली भरून ठेव," असं गॅलरीतून ओरडून सांगायच्या. सुरुवातीला बसने गेल्या, मग टॅक्सीने. मग काकांनी एक जुनी छोटी लाल गाडी घेतली आणि पन्नाशी उलटल्यावर चालवायला शिकले.

त्यांच्या गाडी चालवण्याने बिल्डिंगला एक विषयच मिळाला. चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. हॉर्न वाजवायचा नाही. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "समोरच्याला दिसतो आपण. नाही दिसलो तर आपणच थांबावं." लायसन्स मिळून वर्ष झालं तरी मागच्या काचेवरचा शिकाऊ गाडीचा लाल 'एल' त्यांनी काढला नव्हता. "अजून शिकतोच आहे," म्हणायचे. सायन-पनवेल रस्त्यावर मागून ट्रकवाले काय काय बोलत असतील ते ताई रात्री मला वर्णन करून सांगायच्या, शिव्या गाळून.

मंगळवार-शुक्रवारी उजाडता उजाडता आमचे हे आणि काका ताईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरायचे. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. संध्याकाळी परत वर. वर पोचवून झालं की काका पुन्हा खाली येऊन गाडीत बसायचे. माझी स्वयंपाकघरातली खिडकी पार्किंगकडे उघडायची, त्यामुळे मला सगळं दिसायचं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान खाली. गाडी बंद. एकदा न राहवून चहाचा कप घेऊन गेले. दचकून म्हणाले, "इंजिन तापलंय, बाई. थंड होऊ देतोय." मी कप डॅशबोर्डवर ठेवला. माझ्याही घरी सासूबाईंचं पथ्यपाणी, शाळेच्या वह्या, पाण्याच्या वेळा असं सगळं होतं, पण मला असं गाडीत जाऊन बसावंसं कधी वाटलं नव्हतं. त्या माणसाचा थकवा बघवत नसे.

त्या गाडीचं आमच्या फाटकातून बाहेर पडताना एकच वळण ठरलेलं होतं. उजवीकडे मुंबई. डावीकडे गोव्याचा हायवे, जरा पुढे गेलं की कर्नाळा. ताईंना कर्नाळ्याला जाऊन झाडाखाली बसायचं होतं. पण डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसायचं आणि तिसऱ्या दिवशी चौथ्याची धास्ती. गाडी डावीकडे कधी वळलीच नाही. बिल्डिंगमधली मुलं तिला 'दवाखान्याची गाडी' म्हणायला लागली. मुलांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ते ताईंच्या कानावर गेलं.

त्या संध्याकाळी मी वर गेले होते. ताई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या आणि काका त्यांचे पाय चेपत होते.

"अहो, आपल्या गाडीला काहीतरी हौसेचं लावा," ताई म्हणाल्या.

"हौसेचं म्हणजे?"

"म्हणजे ज्याचा हॉस्पिटलशी काही संबंध नाही असं. खाडीच्या पुलावर त्या पोरांच्या गाड्या आपल्याला मागे टाकून जातात ना, त्यांना मागे शेपूट असतं. ते लावा."

काका विचारात पडले. "त्याला स्पॉयलर म्हणतात," ते म्हणाले. "वेगात वाऱ्याने गाडी मागून उचलू नये म्हणून. आपण चाळीसने जातो. आपल्याला त्याचा उपयोग शून्य."

"म्हणूनच म्हणते," ताई म्हणाल्या. "या घरात एकतरी बिनउपयोगाची वस्तू येऊ दे. दसऱ्याला गाडीला हार घालाल तेव्हा मला ते शेपूट दिसलं पाहिजे. पुढच्या दसऱ्याचं मला काही सांगता येत नाही."

हे वाक्य त्या सहज बोलून गेल्या. काकांचे हात पायावर तसेच थांबले.

जवळच्या ओवे गावचा एक पोरगेला गॅरेजवाला हायवेलगत असल्या वस्तू विकायचा. काका फायबरचा स्पॉयलर घेऊन आले, गाडीच्या लाल रंगात रंगवलेला. गॅरेजवाला तो बसवूनही द्यायला तयार होता. "काका, आमी देतो ना बसवून. दोन भोका पाराची, दोन स्क्रू, झाला. त्यात काय हाय?" हे काकांनीच मला त्याच्या बोलीत सांगितलं, आणि त्याचा त्यांना फार धक्का बसला होता. "बाई, मोजल्याशिवाय तो भोक पाडणार होता," ते म्हणाले. बायकोने आयुष्यात एक वस्तू मागितली होती, ती परक्या माणसाच्या अंदाजावर बसवायला ते तयार नव्हते. स्पॉयलर घरी आला आणि फ्रिजवर घड्याळाशेजारी जाऊन बसला.

मग कागद सुरू झाले. काका रोज संध्याकाळी गाडीभोवती पट्टी घेऊन फिरायचे. छताचा बाक, काचेचा उतार, डिकीच्या दाराची जाडी. गाडी समोरून, बाजूने, वरून. गणपती येऊन गेले, पितृपक्ष संपला, घट बसले. मला चीड यायला लागली होती. एका माळेला मी सरळ म्हटलं, "काका, ताईंना कागद नकोय हो." त्यांनी करंगळीने खिडकीच्या कट्ट्यावरून काहीतरी झटकलं आणि म्हणाले, "भोक एकदा पडलं की बुजत नाही, बाई. चुकलं तर तिला काय दाखवू?"

शेवटी कागद पुरा झाला. काका आमच्याकडे ड्रिल मशीन मागायला आले. दिवस कुठला, तर खंडेनवमी!

आमच्या सासूबाईंनी सकाळीच घरातली झाडून सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. विळी, सुरी, कात्री, ह्यांचे पाने, आणि मधोमध ते ड्रिल मशीन. हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडू. खंडेनवमीला हत्यार पुजायचं, वापरायचं नाही, हा त्यांच्या माहेरापासूनचा नेम. त्या दिवशी मी भाजीसुद्धा आदल्या रात्री चिरून ठेवायची.

"आई, ड्रिल हवं होतं जरा," काका दारातूनच म्हणाले.

"आज नाही हो. आज त्यांना विश्रांती. उद्या उत्तरपूजा झाली की खुशाल न्या."

दसरा शुक्रवारी होता. म्हणजे धुण्याचा दिवस. उजाडता उजाडता निघायचं होतं आणि सासूबाईंची पूजा आटपेपर्यंत सूर्य डोक्यावर यायचा. काकांना ते माहीत होतं, मलाही होतं. मी सासूबाईंना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "बरोबर आहे. नेम तो नेम." आणि पाटाला नमस्कार करून गेले. कोणाला हवंय, कशासाठी हवंय, एक अक्षर नाही.

ते गेल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या पाटासमोर बसल्या होत्या. "अगं, मग बोलायचं ना त्याने!" त्या चिडून म्हणाल्या. "तिच्यासाठी म्हटल्यावर मी स्वतः उचलून दिलं असतं. देवीने काय मला गिळलं असतं?" त्यांनी मला ड्रिल घेऊन बाहेर पिटाळलं. हळदकुंकवासकट.

मी पार्किंगमध्ये पोचले तोवर काकांनी निकाल लावला होता. स्क्रू नाही तर गम. दोन ट्यूबा मिसळून करायचा तो पक्का गम, आयुष्यात पहिल्यांदाच कागदावर न आणता. ते गाडीमागे उभे होते आणि दोन्ही तळव्यांनी स्पॉयलर छतावर दाबून धरला होता. कपाळावरून घाम नाकापर्यंत आला होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

"काका, मशीन आणलंय. आईंनी दिलं."

त्यांनी माझ्या हातातल्या हळदीने माखलेल्या मशीनकडे पाहिलं. "आता सोडलं तर सरकेल," ते म्हणाले. मी माझ्या पदराने त्यांचा घाम पुसला. दुसरं काही सुचलं नाही. अंधार पडेपर्यंत ते तसेच उभे होते.

दसऱ्याला पहाटे आम्ही सगळे पार्किंगमध्ये. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा हार, चाकाखाली लिंबू. ताईंना आमच्या ह्यांनी आणि काकांनी आधी गॅलरीत खुर्चीवर आणून बसवलं होतं. गाडीत बसलेल्या माणसाला गाडीचं शेपूट दिसत नाही, हे ताईंच्याच ध्यानात आलं होतं. वरून मात्र ते छान दिसत होतं. लाल छत, मागे ते टेचात वर आलेलं शेपूट. शाल गुंडाळून ताई कठड्यावरून वाकून बघत होत्या.

"अहो, नुसती उभी काय करता? चालवून दाखवा!"

काकांनी रिकामी गाडी बाहेर काढली आणि बिल्डिंगला एक फेरी घातली. गॅलरीखालून जाताना ती इतकी हळू गेली की आमच्या सासूबाई चालत पुढे गेल्या असत्या.

"जरा जोरात!" ताई वरून ओरडल्या. "शेपूट लावलंय ना!"

आणि दळवीकाकांनी दुसऱ्या फेरीला गाडी पळवली. कोपऱ्यावर धूळ उडाली. गॅलरीखाली आल्यावर त्यांनी हॉर्न वाजवला. त्या गाडीला हॉर्न आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. वर ताई टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या हाताला सुयांनी जागोजागी गाठी आल्या होत्या, टाळी वाजवताना दुखलं असणार. पण वाजवत होत्या. मला तिथे उभं राहवेना, मी उगाच पूजेचं ताट सारखं करत बसले.

मग निघायची वेळ झाली. ताईंची पिशवी, उशी, डबा ठेवायला काका डिकी उघडायला गेले, तर डिकी जागची हलेना.

आमच्या ह्यांनी वाकून पाहिलं. स्क्रूने बसवायचा असता तर स्पॉयलर फक्त डिकीच्या दारावर बसला असता. पण गमला धरायला जागा जास्त लागते, म्हणून काकांनी तो पुढे सरकवून अर्धा दारावर, अर्धा छतावर चिकटवला होता. दार आणि छत एक झालं होतं. कागदांवर गाडी समोरून होती, बाजूने होती, वरून होती. एकाही कागदावर डिकी उघडी नव्हती.

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. इतकी वर्षं रेघ केसभर हलली तरी खोडून पुन्हा काढणारा तो माणूस. ते म्हणाले, "काढतो. संध्याकाळी आल्यावर उचकटून नीट बसवतो. भोकं पाडून."

ताई मागच्या सीटवर येऊन बसल्या होत्या. त्यांना झाला प्रकार सांगितला तेव्हा खोकला येईपर्यंत हसल्या. "हात लावू नका हं त्याला," म्हणाल्या. "आता कुठे गाडी हौसेची झाली. सामान माझ्या मांडीवर द्या."

त्यानंतर ती डिकी कधी उघडली नाही. पिशवी, उशी, डबा सगळं मागच्या दारातून ताईंच्या शेजारी जायचं. मुलांनी गाडीचं नाव बदललं, 'शेपटीवाली' म्हणायला लागली. ताईंनी हे मला निदान चारदा सांगितलं. मागच्या काचेवरचा 'एल' मात्र तसाच होता, वर स्पॉयलर आणि खाली शिकाऊ. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे म्हणे.

थंडी संपता संपता ताई गेल्या. हॉस्पिटलातच. काका दुसऱ्या दिवशी एकटे गाडी घेऊन परत आले, पार्किंगमध्ये लावली आणि आत बसून राहिले. मी चहा घेऊन गेले. इंजिनाबद्दल काही बोलले नाहीत. चहा घेतला, कप परत दिला. "बाई, आता मंगळवारी काय करायचं?" असं त्यांनी मला विचारलं, खरोखरच विचारलं.

पुढे दोन-तीन वर्षं ते तिथेच राहिले. फाटकातून गाडी क्वचित निघायची. उन्हाने स्पॉयलरचा लाल रंग उडून गुलाबी झाला. आमचे हे एकदा म्हणाले, "काका, पट्टी काढून टाकू, डिकी मोकळी होईल." काका म्हणाले, "डिकीत ठेवण्यासारखं आता काही नाही हो."

रिटायर झाल्यावर त्यांनी फ्लॅट विकला आणि देवगडकडे भावाच्या घरी जायचं ठरवलं. मोठं सामान टेंपोने पुढे गेलं. गाडीत उरलंसुरलं. ते मागच्या दारातून एकेक वस्तू आत सरकवत होते. कपड्यांची बॅग. कागदांची गुंडाळी. ताईंची ती शाल. फ्रिजवरचं घड्याळ, ज्याला शेवटपर्यंत खिळा मिळाला नाही. ते त्यांनी ताईंच्या जागेवर ठेवलं आणि पडू नये म्हणून शाल भोवती गुंडाळली.

मग माझ्याजवळ आले. फ्लॅटची किल्ली माझ्याकडे द्यायची होती, नवा मालक दुपारी न्यायला येणार होता. किल्ली देऊन ते घुटमळले. करंगळीने हवेतलंच काहीतरी झटकलं.

"बाई, एक काम होतं. वर आमच्या गॅलरीत जाऊन जरा उभ्या राहाल?"

"काही राहिलंय का वर?"

"नाही. नुसतं उभं राहायचं. मी निघेपर्यंत."

मी दोन जिने चढून गेले. घर रिकामं होतं. भिंती कोऱ्या, एकाही भिंतीला खिळ्याचं भोक नाही. गॅलरीत ताईंची तुळस कुंडीत तशीच होती. मी कठड्याशी उभी राहिले.

खाली गाडी सुरू झाली. फाटकाकडे न जाता तिने बिल्डिंगला एक फेरी घातली, सावकाश, नेहमीसारखी. गॅलरीखालून जाताना छत आणि ते विटलेलं शेपूट अगदी माझ्या पायांखालून गेलं. काकांनी वर पाहिलं नाही. मला काय करायला हवं होतं ते कळेपर्यंत गाडी पुढे निघून गेली होती. गाडी कोपऱ्यावरून वळून पुन्हा येताना दिसली. दुसरी फेरी. तेव्हा मी सगळा जोर लावून ओरडले, "जरा जोरात!"

हॉर्न वाजला. मी टाळ्या वाजवायला लागले. आजूबाजूच्या गॅलऱ्यांत बायका आल्या, बघत राहिल्या, मी वाजवतच होते. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि डावीकडे वळली, कर्नाळ्याच्या रस्त्याला. तिचा वेग चाळीसच्या वर नव्हता.